बाहेर काढा म्हणजे आत येईल!

सोमवार, दुपारचे साडेतीन. शिवाजी उद्यमनगरातलं मामांचं वर्कशॉप. बाहेर बेळगावला जाणारा टेंपो माल भरून तयार. ड्रायव्हरचा दुसरा चहा संपलेला. आत अकाउंट बघणाऱ्या ताई कॉम्प्युटरसमोर बसलेल्या आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एकच निरोप... नेटवर्क नाही!

माल राज्याबाहेर चाललेला, बिल ५० हजारांच्या वरचं. म्हणजे ई-वे बिल हवंच. ते हातात आल्याशिवाय टेंपो हलणार नाही. मामा गेलेले शिरोली एमआयडीसीत, त्यांचा फोन त्यांच्याबरोबर. शेवटी ताईंनी स्वतःच्या मोबाइलवर, दोन बोटांनी स्क्रीन मोठी करत करत ते बिल काढलं. ओटीपीसाठी मामांना तीनदा फोन लावला. टेंपो तासाभराने सुटला. ड्रायव्हर जाताना काय पुटपुटला ते इथे छापण्यासारखं नाही.

आणि या सगळ्या गोंधळामागचा गुन्हेगार कोण? अस्मादिक!

रविवारचा पराक्रम

झालं होतं असं. मामांचा कॉम्प्युटर दहा वर्षांपूर्वीचा, विंडोज १० वरचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही त्यातल्या त्यात नवा लागतो. मामांच्या मशीनकडे दोन्ही नाही. नवा कॉम्प्युटर घ्या म्हटलं तर मामांचं उत्तर ठरलेलं. “चालतंय की गं अजून! लेथ माझ्या वडलांच्या वेळचं हाय, ते टाकलं का मी?”

आता भाची मास कॉम केलेली. म्हणजे मामांच्या लेखी ‘कॉम्प्युटरमधली’! मीही गैरसमज दूर केला नाही. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं आणि रविवारी सकाळी जाऊन टाकून दिलं. एकदम झकास झालं हो! मशीन पूर्वीपेक्षा चटपटीत. ताईंच्या सगळ्या शीट्स लिबरऑफिसमध्ये उघडल्या. प्रिंटर चालला. टॅली सीएच्या ऑफिसात, त्यामुळे ती काळजी नाही. नेट? माझा मोबाइल केबलने जोडला आणि दोन सेकंदांत चालू. मी हात झटकले, मामींकडचं तांबड्या-पांढऱ्याचं जेवण चापलं आणि घरी आले.

एकच गोष्ट तपासायची राहिली. रोजचं नेट माझ्या मोबाइलवर नाही, तर मामांच्या डाँगलवर चालतं! गल्लीत फायबर आहे, पण दिवसातून तासभर लागणाऱ्या नेटसाठी महिन्याचं कनेक्शन मामांना पटत नाही. फोन त्यांच्या खिशात फिरतो. म्हणून ऑफिससाठी हा ४-जी डाँगल, त्यात वेगळं सिम. दुपारी ताई एकट्या असतात तेव्हा त्यांचं सगळं काम या बोटभर काडीवर. आणि नेमकी तीच काडी लिनक्सशी बोलायला तयार नव्हती.

संध्याकाळी मी वर्कशॉपात हजर. मामा फक्त एवढंच म्हणाले, “तुझं ते फुकटचं सॉफ्टवेअर आज तासभराला पडलं.”

एमएच ०९ आणि १२डी१

आता जरा टेक्निकल बोलू, पण घाबरू नका.

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात एक कर्नल असतो. वर्कशॉपच्या भाषेत हा फोरमन. मेमरी कुणाला द्यायची, प्रोसेसरवर कुणाचं काम आधी लावायचं, हे सगळं तो ठरवतो. पण प्रत्येक यंत्र त्याला स्वतःला चालवता येत नाही. त्यासाठी त्याच्या हाताखाली ऑपरेटर असतात. लेथचा वेगळा, ड्रिलिंगचा वेगळा. तेच ड्रायव्हर. प्रिंटरचा ड्रायव्हर, साउंडचा ड्रायव्हर, मोडेमचा ड्रायव्हर.

यूएसबीत काही खुपसलं की फोरमन आधी विचारतो, कोण तुम्ही? त्यावर ते यंत्र दोन आकडे सांगतं. पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. गाडीची नंबर प्लेटच म्हणा ना! एमएच ०९ दिसलं की गाडी कोल्हापूरची, तसं १२डी१ दिसलं की यंत्र हुआवेचं आणि १९डी२ दिसलं की झेडटीईचं. मधली ती इंग्रजी अक्षरं चुकून आलेली नाहीत. हे आकडे सोळाच्या पाढ्यात मोजतात, म्हणून नवानंतर ए, बी, सी, डी लागतात.

फोरमन ती प्लेट बघतो आणि हा नंबर कुणाच्या यादीत आहे ते शोधतो. यादीत सापडला तर ऑपरेटर कामाला लागतो. नाही सापडला तर यंत्र तसंच उभं. बिघडलेलं नाही, मोडलेलं नाही. फक्त ओळख नाही!

काही ऑपरेटर मात्र नंबर बघत नाहीत, युनिफॉर्म बघतात. पेन ड्राइव्ह कुठल्याही कंपनीचा लावा, चालतो ना? कारण ‘मी स्टोरेज आहे’ हे सांगण्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि सगळे ती पाळतात. मोडेमसाठीही अशा पद्धती आहेत. पण डाँगलवाल्यांनी त्या पाळल्याच असं नाही. शिवाय त्यांनी मधे एक वेगळीच गंमत करून ठेवली.

बहुरूपी आला दारी

लहानपणी आमच्या पेठेत बहुरूपी यायचा. सकाळी पोलिसाच्या वेषात दम द्यायचा आणि दारात दहाची नोट मिळाली की हसून सलाम ठोकायचा. डाँगल अगदी तसाच आहे. कॉम्प्युटरला लावला की तो आधी सांगतो, ‘मी सीडी ड्राइव्ह आहे!’

का? यामागे खरं तर चांगला हेतू होता. पूर्वी मोडेमबरोबर ड्रायव्हरची सीडी वेगळी यायची. ती हरवायची. पुढे लॅपटॉपमधून सीडीची खाचही गेली. मग कंपन्यांनी शक्कल लढवली. विंडोजचं सॉफ्टवेअर डाँगलच्याच पोटात भरायचं आणि डाँगलने पहिल्यांदा सीडी म्हणून समोर यायचं. विंडोज ती ‘सीडी’ उघडतं, सॉफ्टवेअर बसवतं, मग ते सॉफ्टवेअर डाँगलला गुपचूप इशारा देतं... आता वेष उतरव! मग डाँगल क्षणभर गायब होतो आणि मोडेम होऊन परत येतो. नंबर प्लेटचा दुसरा आकडा बहुतेक वेळा बदललेला असतो. बेल्जियमच्या ऑप्शन नावाच्या कंपनीने या युक्तीला ‘झीरोसीडी’ असं नाव दिलं होतं.

विंडोजवाल्यांना हे नाटक कधी कळलंच नाही, कारण त्यांच्या बाजूने सगळं ठरलेलं होतं. लिनक्ससाठी मात्र इशारा द्यायला कुणी नव्हतं. लिनक्स बिचारं सीडी बघतं, सीडी उघडतं आणि वाट बघत बसतं. मामांच्या डेस्कटॉपवर सोमवारी सकाळपासून सीडीचं चित्र झळकत होतं. ताईंना वाटलं कुणीतरी गाण्याची सीडी घातली!

हॅश ७७७ चे दिवस

हे नाटक मी पूर्वी एकदा पाहिलेलं होतं. साल २०१०. मी सातवीत. आमचा दादा, म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

थोडा फ्लॅशबॅक. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या केली २५६ केबीपीएस! हसू नका, तेव्हा ती चैन होती. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं आणि लँडलाइनवर ब्रॉडबँड घरात शिरलं. त्या काळच्या बऱ्याच मोडेमना दोन खाचा असायच्या, एक लॅनची आणि एक यूएसबीची. लिनक्सवाल्या सीनिअरचा सल्ला एकच, ‘यूएसबीच्या वाटेला जाऊ नकोस, लॅनची वायर लाव.’ लॅनला वेगळा ड्रायव्हर लागत नव्हता, यूएसबीला लागायचा.

मग आले डाँगल. फोटॉन, नेटकनेक्ट, एमब्लेझ... सगळे सीडीएमएवाले. कॉलेजच्या कट्ट्यावर लॅपटॉपच्या बाजूला ती काडी लुकलुकणं म्हणजे काय स्टाइल होती राव! त्यांना वायर नाही, म्हणजे लॅनची पळवाटही नाही. यूएसबी हाच एक दरवाजा. दादाने उबंटू टाकलेलं आणि डाँगल चालेना. तीन रात्री तो काळ्या स्क्रीनसमोर बसला होता. जनरल यूएसबी-सिरियल ड्रायव्हरला हाताने नंबर प्लेट सांगायची, मग डब्ल्यूव्हीडायल नावाच्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये फोन नंबर लिहायचा. नंबर कुठला? हॅश ७७७. काही कनेक्शनला तर यूजरनेम ‘इंटरनेट’ आणि पासवर्डही ‘इंटरनेट’! तिसऱ्या रात्री अडीच वाजता तो ओरडला तेव्हा आजी उठून बसली, चोर आला म्हणून.

ती सीडीएमए सेवा बंद होऊन आता वर्षं लोटली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट सगळ्यांच्या खिशात गेलं. पण दादाचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं. तो म्हणाला होता, “डाँगल खराब नव्हता गं. दोघांची ओळखच करून दिली नव्हती कुणी.”

तर... इजेक्ट!

सोमवारी संध्याकाळी मी व्हिडिओ कॉलवर दादाला गाठलं. आता तो पुण्यात नोकरी करतो आणि केस कमी झालेत. त्याने प्रश्न विचारला, “डेस्कटॉपवर सीडी दिसतेय का?” दिसतेय. “मग राइट क्लिक कर आणि इजेक्ट कर.”

केलं. सीडी गायब. डाँगलचा दिवा विझला. मामांनी भुवया वर केल्या. पाच सेकंद... दिवा परत लागला, रंग बदललेला. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात, नेटवर्क जोडलं गेलं!

मामा खुर्चीत पुढे सरकले. “म्हंजे? भाईर काढल्यावर आत आलं व्हय?”

अगदी बरोबर! बऱ्याच डाँगलसाठी वेष उतरवण्याचा इशारा म्हणजे दुसरंतिसरं काही नसून ‘सीडी बाहेर काढ’ हीच आज्ञा असते. वेष उतरवल्यावर मामांच्या डाँगलने स्वतःला चक्क लॅन कार्ड म्हणून सादर केलं. हे काम लिनक्सचा सीडीसी-ईथर नावाचा ड्रायव्हर बघतो. हा मुख्यतः युनिफॉर्म बघणारा ऑपरेटर, त्यामुळे पुढे काही अडलं नाही.

पण रोज डाँगल लावला की ताईंनी सीडी बाहेर काढायची का? टेंपो दारात उभा असताना? नाही ना. म्हणून हे कायमचं बसवायला हवं होतं. त्यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो लिनक्स मिंटमध्ये होताच. त्याच्याजवळ शेकडो डाँगलची यादी असते. कुठल्या नंबर प्लेटला कुठला इशारा द्यायचा, सगळं लिहिलेलं. मामांचा डाँगल मात्र अगदीच अनोळखी कंपनीचा, त्याचा नंबर यादीत नाही. मग काय, आम्ही तो लिहिला! एका फाइलमध्ये दोन आकडे आणि ‘स्टँडर्ड इजेक्ट’ चालू अशी एक ओळ. दुसऱ्या फाइलमध्ये यूडेवसाठी एक नियम. यूडेव म्हणजे गेटवरचा वॉचमन, नवं यंत्र आत आलं की वर्दी देणारा. हा नंबर दिसला की मोडस्विचला हाक मार, एवढंच त्याला सांगायचं.

मशीन बंद केलं, चालू केलं, डाँगल लावला. सीडी दिसलीच नाही. सरळ नेट. मामांनी स्वतः तीनदा काढून-घालून बघितलं, नवा चक लेथवर बसवल्यावर बघतात तसं. मग म्हणाले, “कपलिंगच नव्हतं म्हण की.” मी एवढा वेळ कर्नल, ड्रायव्हर करत बसले होते आणि या माणसाने चार शब्दांत विषय संपवला!

यादी लिहिणारी माणसं

घरी येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. ही यादी कुणी लिहिली?

यूएसबी मोडस्विच २००७ पासून लिहिला तो जर्मनीच्या जोसुआ डीट्झ यांनी. लोकांनी आपापल्या डाँगलचे नंबर कळवायचे आणि यादीत भर पडायची. सिरियल मोडेम चालवणारा कर्नलमधला ड्रायव्हर ‘ऑप्शन’ या नावाचा. मूळ २००५ चा, माथिआस उर्लिख्स यांचा. सुरुवातीला ऑप्शन कंपनीच्या कार्डांसाठी होता, म्हणून ते नाव. पुढे हुआवे, झेडटीई अशा कितीतरी कंपन्यांची मॉडेल्स त्यात शिरली, पण नाव तेच राहिलं. आज त्या फाइलचा बराचसा भाग म्हणजे नुसती नंबरांची यादीच आहे. क्वालकॉम चिपच्या मोडेमना वेगाने चालवणारा क्यूएमआय-डब्ल्यूवॅन हा ड्रायव्हर २०१२ मध्ये कर्नलमध्ये आला, तो नॉर्वेच्या ब्योर्न मोर्क यांचा.

यातल्या कुणालाच उद्यमनगर माहीत असण्याचं कारण नाही. पण त्यांनी ते काम उघड्यावर ठेवलं, कुणालाही बघता येईल, बदलता येईल असं. म्हणून मला ती फाइल उघडता आली आणि त्यात एक ओळ घालता आली. फाइल बंद असती तर? तर मामांचा चांगला चालणारा डाँगल आणि चांगलं चालणारं मशीन, दोन्ही भंगारात गेलं असतं. कारण काय, तर ओळख नाही!

आपण इथेच चुकतो, मंडळी. काहीतरी चाललं नाही की आपला पहिला प्रश्न असतो, नवीन केवढ्याला? ईएमआय किती? उद्यमनगरातला पहिला प्रश्न वेगळा असतो. अडतंय कुठं? पार्ट बसत नसेल तर घासून बसवायचा, बुश टाकायचा, कपलिंग करायचं. ज्या गावात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, तिथल्या पोरांनी डाँगल टाकून द्यावा हे काही बरं दिसत नाही.

अर्थात, सगळंच वाचवता येतं असं नाही. सीडीएमएचा डाँगल कितीही ओळख करून दिली तरी आता चालणार नाही, त्याचं नेटवर्कच उरलेलं नाही. आणि माझीही चूक मान्य. मशीन बदलण्याआधी, त्या मशीनवर रोज बसणाऱ्या माणसाला विचारायला हवं होतं. ताईंनी एका वाक्यात सांगितलं असतं, “नेट डाँगलवर असतं हं.” कर्नलशी ओळख करून घेतली, पण ताईंशी बोलले नाही!

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डाँगलचे दोन नंबर आणि ती इजेक्टची ओळ मोडस्विचच्या यादीसाठी लिहून पाठवली. उद्या हाच डाँगल कुणी इचलकरंजीत, निपाणीत किंवा आणखी कुठे लावला, तर त्याचा टेंपो दारात उभा राहू नये म्हणून.

पुढच्या सोमवारी ताईंचा फोन आला. माझ्या पोटात गोळा! पण त्या एवढंच म्हणाल्या, “बिल निघालं. टेंपो गेला. प्रिंटरची शाई तेवढी बघ.”

चौकट : तुमचाही डाँगल रुसलाय?

१. लिनक्समध्ये डाँगल लावल्यावर सीडीचं चित्र दिसलं तर आधी नुसतं इजेक्ट करून बघा. अर्धा मिनिट थांबा. कितीतरी वेळा इथेच काम होतं.

२. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. डाँगलचे दोन आकडे लिहून ठेवा. इजेक्टनंतर परत बघा. दुसरा आकडा बदलला असेल तर वेष उतरला!

३. यूएसबी मोडस्विच हे पॅकेज आहे का बघा. नसेल तर मोबाइल केबलने जोडून तात्पुरतं नेट घ्या आणि उतरवा.

४. वेष उतरला, तरी मोडेम दिसत नाही? मग तो लॅन कार्ड नसून सिरियल मोडेम असेल. नव्या आकड्यांची ओळख ‘ऑप्शन’ ड्रायव्हरला हाताने करून देता येते. कर्नल नव्याने बनवायची गरज नाही.

५. जोडणी झाली, पण पान उघडत नाही? एपीएन तपासा. तो सिमच्या कंपनीचाच हवा.

६. दुसऱ्याच्या मशीनवर प्रयोग करत असाल, तर रविवार संपायच्या आत सगळी यंत्रं लावून बघा. सगळी म्हणजे सगळी!